माहेर वेस्टर्नचं, सासर सेंट्रलचं

तुमच्या घरात असा एखादा वाद आहे का, जो कधी संपत नाही आणि संपावा असं कुणाला वाटतही नाही? कुणाकडे पुरणपोळी दुधाबरोबर की तुपाबरोबर यावरून असतो, कुणाकडे पुणे की मुंबई यावरून. आमच्या शेजारच्या काका-काकूंचा वाद रेल्वेवरून आहे. काकूंचं माहेर वसईचं, म्हणजे वेस्टर्न लाइन. सासर डोंबिवलीचं, म्हणजे सेंट्रल. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण कोणती लाइन चांगली हे अजून ठरलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीचं घर बंद करून दोघं मैसूरला मुलाकडे राहायला आले. सामान आलं, देव्हारा आला आणि सोबत हा वादही आला. आज तुम्हाला त्याबद्दल सांगावंसं वाटलं, कारण या वादाने त्यांच्या घरात एक मोठं काम करून टाकलं आहे.

नातू आणि दुभाषी

काकांचा नातू आठ वर्षांचा. शाळेत इंग्रजी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी. मराठी त्याला समजते, पण बोलायची वेळ आली की "हो आजोबा", "नको आजी" यापुढे गाडी जात नसे. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. काका एकदा मला म्हणाले, "अगं, सख्ख्या नातवाशी बोलायला मला दुभाषी लागतो." हसत म्हणाले, पण तुम्हीही परगावी राहत असाल तर त्या हसण्यात काय असतं हे मी वेगळं सांगायला नको.

या मुलाला वेड रेल्वेचं. टॅबवर तो तासन्‌तास ब्रिटनमधल्या गाड्यांचे व्हिडिओ बघत असे. त्यात त्याचे दोन पक्ष होते, ईस्ट कोस्ट आणि वेस्ट कोस्ट. हा ईस्ट कोस्टवाला. एका दुपारी काकांनी चष्मा लावून त्याच्याबरोबर व्हिडिओ पाहिला आणि पाच मिनिटांत ओरडले, "अगं, इकडे ये! हे तर आपलंच भांडण आहे!"

लंडनहून उत्तरेकडे

काका म्हणाले ते खरंच आहे. लंडनहून स्कॉटलंडला जायला दोन मुख्य मार्ग. एक किंग्ज क्रॉस स्टेशनातून निघतो आणि यॉर्क, न्यूकॅसल करत पूर्वेकडून एडिंबराला जातो. दुसरा युस्टनहून निघतो आणि क्रू, प्रेस्टन, कार्लाइल करत पश्चिमेकडून वर चढतो. पूर्वेचा बऱ्यापैकी सपाट, पश्चिमेच्या वाटेत शाप आणि बीटॉकचे चढ. दोन्ही मार्ग वेगवेगळ्या खासगी कंपन्यांचे, त्यामुळे प्रवासी आपल्याकडे ओढायची चढाओढ आलीच.

१८८८ मध्ये ही चढाओढ पेटली आणि १८९५ मध्ये तर इतकी पेटली की रात्री आठला लंडनहून सुटणाऱ्या गाड्यांची थेट शर्यत लागली. ऑगस्ट १८९५ मध्ये पश्चिमेच्या गाडीने लंडन ते ॲबर्डीन हे ५४० मैल, म्हणजे जवळजवळ ८७० किलोमीटर, ५१२ मिनिटांत कापले. वाफेच्या इंजिनावर, साडेआठ तासांत! यातली गंमत काकूंनी बरोबर पकडली. "म्हणजे पहाटे साडेचारला पोचले ना? मग एवढ्या पहाटे दार उघडणार कोण?"

दोन्ही मार्ग ॲबर्डीनच्या अलीकडे किनाबर नावाच्या जंक्शनवर एकत्र येत. तिथून पुढे रूळ एकच. त्यामुळे किनाबरला जो आधी पोचला, तो जिंकला. अख्ख्या रात्रीची शर्यत एका सिग्नलवर ठरायची.

पुढच्या वर्षी, जुलै १८९६ मध्ये, पश्चिम मार्गावरची रात्रीची गाडी प्रेस्टनच्या वळणावर नको तितक्या वेगाने गेली आणि रुळावरून घसरली. एक प्रवासी दगावला. लोक घाबरले, कंपन्याही शहाण्या झाल्या आणि वेग आवरता घेतला गेला.

चढाओढ मात्र संपली नाही. जून १९३७ मध्ये पश्चिमवाल्यांची गाडी क्रूजवळ ताशी ११४ मैलांवर, म्हणजे सुमारे १८३ किलोमीटरवर गेली. विक्रमाच्या नादात ब्रेक उशिरा लागला आणि स्टेशनात शिरताना स्वयंपाकाच्या डब्यातली कपबशी खळाखळा फुटली. पुढच्याच वर्षी, ३ जुलै १९३८ रोजी, पूर्वेच्या मॅलार्ड इंजिनाने ताशी १२६ मैल गाठले, सुमारे २०३ किलोमीटर. वाफेच्या इंजिनांमध्ये हा विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. ही धाव उतारावरची होती, आणि त्यानंतर इंजिनाचं एक बेअरिंग इतकं तापलं की ते दुरुस्तीला पाठवावं लागलं. नातू हे सांगताना मॅलार्डच्या बाजूने फार हळवा होतो.

आता आपल्याकडे या

मग काकांनी वही घेतली आणि मुंबईचा नकाशा काढला. इकडे बोरीबंदर, तिकडे चर्चगेट. जीआयपी आणि बीबीसीआय. आजी-आजोबांकडून ही नावं तुम्हीही ऐकली असतील.

जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती हिची. बीबीसीआय म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. हिने सुरुवात गुजरातेत केली आणि १८६४ मध्ये ती मुंबईला पोचली. एकीच्या वाट्याला सह्याद्री आला, दुसरीच्या वाट्याला खाड्या आणि नद्या.

इथे नातवाने स्वतःच शोध लावला. ब्रिटनमध्ये चढाचा मार्ग पश्चिमेचा, आपल्याकडे चढ सेंट्रलला आणि सपाटी वेस्टर्नला. काका खूश. म्हणाले, "त्यांचा शापचा चढ ७५ फुटांना एक फूट. आपला कसाऱ्याचा घाट ३७ फुटांना एक फूट. दुप्पट!" थळ घाटातून इगतपुरीकडे चढताना कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. शापच्या चढावरही वाफेच्या काळात मागून अशीच इंजिनं लावत. मुलाने कसारा कधी पाहिला नव्हता, पण मागून ढकलणं म्हणजे काय ते त्याला व्हिडिओमुळे ठाऊक होतं. फक्त शब्द नव्हते. त्या दिवशी त्याला चढ, उतार, घाट, बोगदा, रूळ, सांधा असे शब्द मिळाले.

दोन मेल, एक पेशावर

आपल्याकडची खरी शर्यत लागली ती मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या दोन गाड्यांची. सेंट्रलच्या मार्गाची पंजाब मेल १९१२ पासूनची. बोटीने आलेली विलायतेची टपाल आणि साहेबलोक यांना घेऊन ती इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा करत दिल्लीला आणि पुढे पेशावरला जायची. तिला टक्कर द्यायला बीबीसीआयने १ सप्टेंबर १९२८ रोजी फ्रंटियर मेल काढली. ही बडोदा, रतलाम, कोटा करत जाई. १९३४ मध्ये तिला वातानुकूलित डबा लागला. डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवायच्या आणि पंख्याने ती गार हवा आत सोडायची. वाटेतल्या स्टेशनांवर बर्फ पुन्हा भरायचा. काकू हे असं सांगतात, जणू बर्फ त्यांच्या माहेरूनच जात होता.

आणि किनाबर? तेही आपल्याकडे आहे. दोन्ही मार्ग मथुरेला एकत्र येतात आणि तिथून दिल्लीपर्यंत वाट एकच. "आपलं किनाबर मथुरा!" हे नातवाचं वाक्य. मराठीत आणि पूर्ण. काकांनी मला ते फोन करून सांगितलं.

पण एक गोष्ट काकांनी त्याला मुद्दाम सांगितली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. या सगळ्या थाटात सामान्य माणूस कुठे होता? पंजाब मेल सुरू झाली तेव्हा ती वरच्या वर्गांची गाडी होती. तिला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते १९३० च्या दशकाच्या मध्यात. म्हणजे वीस-बावीस वर्षं ही देखणी गाडी आपल्या पणजोबांच्या समोरून नुसतीच निघून जात होती. वेगाचे आकडे सांगताना मुलांना हेही सांगायला हवं ना?

दुसरी गोष्ट काकूंनी सांगितली. फाळणी झाली आणि दोन्ही गाड्यांचं पेशावर सुटलं. आज पंजाब मेल फिरोजपूरपर्यंत जाते. फ्रंटियर मेल अमृतसरला थांबते आणि १९९६ पासून तिचं नाव गोल्डन टेंपल मेल आहे. शर्यत करणाऱ्या दोघींनाही एकाच रेषेच्या अलीकडे थांबावं लागलं.

आमचं पहिलं, तुमचं पहिलं

आता तुम्ही मुंबईचे असाल तर हा भाग वाचून तुमचेही हात शिवशिवतील. काकांच्या घरी याचा रीतसर सामना होतो. नातू पंच.

काका: देशातली पहिली प्रवासी गाडी आमची, १८५३. पहिली विजेची गाडीही आमची, ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला.

काकू: पहिली लेडीज स्पेशल लोकल आमची, मे १९९२, चर्चगेट ते बोरिवली. पहिली एसी लोकल आमची, २०१७ च्या नाताळात.

काका: आमची दख्खनची राणी! १ जून १९३० पासून. डायनिंग कारमध्ये बसून खाता येतं.

काकू: आमची फ्लाइंग राणी! सुरतेची. किती वर्षं डबलडेकर डबे होते तिला. वर बसलं की राजासारखं वाटायचं.

काका: राणीत बसून राजासारखं?

काकू: दिल्लीची राजधानी कुणाकडून सुटली आधी? १९७२. तुमच्याकडे कधी आली?

इथे काका जरा गप्प होतात. सेंट्रलवरून दिल्लीला राजधानी सुरू व्हायला जानेवारी २०१९ उजाडला. मुंबई ते दिल्ली हे अंतर वेस्टर्नने सुमारे १,३८५ किलोमीटर आणि सेंट्रलने सुमारे १,५४०. दीडशे किलोमीटरचा फरक, वर घाट. पण काकांकडे उत्तर आहे. या राजधानीला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं लावली. एक ओढतं, एक ढकलतं. त्यामुळे कसाऱ्याला बँकरसाठी थांबायची गरज उरली नाही. "तुमच्याकडे सपाटी होती म्हणून तुम्ही धावलात. आम्ही डोंगर चढून आलो," असं काका म्हणतात. त्यावर काकू म्हणतात, "सासरी आल्यावर मीही चढलेच की!" पंच बहुतेक वेळा बरोबरी जाहीर करतो, कारण दोघांपैकी एक रात्री गोष्ट सांगणार असतो आणि दुसरी खाऊ देणार असते.

रुळांची रुंदी मोजणारा मुलगा

गेल्या महिन्यात मीही त्यांच्याबरोबर मैसूरच्या रेल्वे म्युझियममध्ये गेले. तुम्ही मैसूरला आलात तर राजवाडा आणि चामुंडी टेकडीनंतर दोन तास इथे द्या. स्टेशनजवळच आहे. १९७९ पासूनचं हे म्युझियम. जुनी इंजिनं झाडांखाली उभी आहेत, महाराणींचा १८९९ चा सलूनचा डबा आहे, मुलांसाठी छोटी गाडी आहे.

नातवाने तिथे पावलं टाकून रूळ मोजले. म्हणाला, "आजोबा, हे लहान का?" काकांनी समजावलं. मैसूर संस्थानातली रेल्वे मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर. मुंबईचे मार्ग ब्रॉड गेजचे, १.६७६ मीटर. आणि त्याच्या लाडक्या मॅलार्डचे १.४३५ मीटर. "म्हणजे मॅलार्ड इथे चालणारच नाही?" "नाही. आणि डोंबिवलीलाही नाही." मुलाने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग तिला चाकं बदलायला लागतील." काकू माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आम्ही नाही का बदलली?"

मी काही बोलले नाही. आपलं घर, आपली लोकल, आपला फलाट, आपली रोजची माणसं सोडून सत्तरीत नव्या गावी येणं सोपं नसतं. आपण त्यांना टीव्ही लावून देतो, औषधं आणून देतो आणि आपलं काम झालं असं समजतो. पण त्यांना जे येतं ते कुणीतरी मागितलं तर त्यांचा चेहरा बदलतो. काकांना तीस वर्षं रोज लोकलने जाता-येता जे कळलं होतं, त्याची मैसूरमध्ये कुणाला गरज नव्हती. ती गरज एका आठ वर्षांच्या मुलाला निघाली.

भांडण कुणाचं, घर कुणाचं

या दोन्ही रेल्वेंबद्दल मला स्वतःला सगळ्यात आवडलेल्या दोन गोष्टी शेवटी सांगते.

पहिली. सीएसएमटीची भव्य इमारत आणि चर्चगेटसमोरचं वेस्टर्नचं मुख्यालय या दोन्ही एकाच माणसाने रेखाटल्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराने. आधी जीआयपीसाठी, मग बीबीसीआयसाठी. स्पर्धा दोन कंपन्यांची, पण हात एकच.

दुसरी. ५ नोव्हेंबर १९५१ या एकाच दिवशी जीआयपीची मध्य रेल्वे झाली आणि बीबीसीआयची पश्चिम रेल्वे. जुळ्या बहिणीच म्हणा ना! आणि दादरच्या पुलावर पिढ्यान्‌पिढ्या जो घोळ होता, की दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापल्या एक नंबरपासून सुरू होतात आणि नवखा माणूस भलत्याच गाडीत चढतो, तो डिसेंबर २०२३ मध्ये मिटला. आता वेस्टर्नचे १ ते ७ आणि त्यापुढे सेंट्रलचे ८ पासून. काकूंचं यावर म्हणणं ठरलेलं आहे, "बघ, मोजायला सुरुवात आमच्याकडूनच!"

मे महिन्यात ही मंडळी मुंबईला जाणार आहेत. विमानाने लवकर पोचता आलं असतं. नातवाने शरावती एक्स्प्रेस निवडली, हुबळी, बेळगाव, मिरज करत दादरला जाणारी. दादरहून पुढे वसईला आधी जायचं की डोंबिवलीला, यावर आत्तापासून वाद सुरू आहे. मध्ये वसई-दिवा मार्ग आहेच, माहेर आणि सासर जोडणारा. पंचांनी निर्णय राखून ठेवला आहे. मात्र परवा जिन्यात भेटला तेव्हा मला म्हणाला, "ताई, मी कसाऱ्याला पण जाणार. मागचं इंजिन बघायला." सबंध वाक्य मराठीत होतं आणि ते बोलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

या सुट्टीत करून बघा

तुमच्या घरी असे आजी-आजोबा असतील आणि मुलं दुसऱ्या भाषेत रमलेली असतील, तर "मराठीत बोल" असं सांगण्यापेक्षा हे तीन प्रयोग करून बघा.

एक, मुलाचं वेड कशाचं आहे ते बघा. गाड्या, क्रिकेट, पक्षी, काहीही. त्याच विषयातलं आजोबांचं एक जुनं भांडण शोधा.

दोन, वहीत दोन मार्गांचा नकाशा मुलाकडून काढून घ्या. मैसूरहून मुंबईला मिरजेकडून आणि सोलापूरकडून, किंवा तुमच्या गावाहून आजोळी जायच्या दोन वाटा. स्टेशनांची नावं आजीने सांगायची, मुलाने मराठीत लिहायची.

तीन, पंच नेहमी मुलालाच करा. निकाल मराठीत द्यायचा, एवढा एकच नियम.

आणि हो, तुम्ही सेंट्रलवाले की वेस्टर्नवाले? मला नक्की कळवा. कारणही लिहा. काका-काकूंना तुमची पत्रं वाचून दाखवायचं काम पंचांनी स्वतःकडे घेतलं आहे.